पुरंदरच्या बुरुजात कोण आहे? माणसाचे शास्त्र आणि आपली चळवळ



कामथडीहून महामार्गाने साताऱ्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर कापूरहोळ लागते. तिथून एक रस्ता भोरला जातो आणि तसाच पुढे वरंधा घाट उतरून महाडला. दुसरा रस्ता नारायणपूरवरून सासवडला जातो. नारायणपूर म्हणजे पुरंदर किल्ल्याचा पायथा. या लेखाला या दोन्ही रस्त्यांवरून जायचे आहे. सुरुवात पुरंदरपासून करू.

पुरंदरावर शेंदऱ्या बुरूज आहे. त्याची दंतकथा अशी की, बिदरच्या बादशाहीत हा बुरूज बांधायला घेतला, पण तो उभा राहीना. बांधला की ढासळे. मग दृष्टांत झाला की जेठा मुलगा आणि त्याची बायको पायात घातल्याशिवाय बुरूज टिकणार नाही. बहिरनाक सोननाक याने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना दिले. दोघांना जिवंत गाडले, बुरूज उभा राहिला आणि घराण्याला इनाम मिळाले. नावातला 'नाक' कोणत्या समाजाचा, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

आपल्यापैकी अनेक जण ही कथा अभिमानाने सांगतात. 'किल्ले आमच्या बलिदानावर उभे आहेत.' भावना समजण्यासारखी आहे. ज्यांचा इतिहासच लिहिला गेला नाही, ते मिळेल त्या धाग्याला धरतात. पण अभिमान बाळगण्याआधी काही प्रश्न विचारायला हवेत. ही कथा कोणी रचली? कोणाच्या फायद्याची आहे? पायात घालायला हेच घर का? आणि देवकाईला कोणी विचारले होते का?

हे प्रश्न विचारणारे एक शास्त्र आहे. मराठीत त्याला मानववंशशास्त्र म्हणायची सवय आहे. या नावातला 'वंश' हाच मोठा घोटाळा आहे. मूळ शब्दाचा अर्थ एवढाच की माणसाचा अभ्यास. त्यात वंश नाही. म्हणून या लेखात मी मानवशास्त्र म्हणतो. त्याची जी शाखा समाजांच्या चालीरीती, नाती, श्रद्धा आणि कथा यांचा अभ्यास करते ती सांस्कृतिक मानवशास्त्र. हा विषय परदेशी विद्वानांचा किंवा स्पर्धा परीक्षेच्या पेपरपुरता आहे असे समजू नका. बाबासाहेबांनी जातीवरचा आपला पहिला निबंध याच शास्त्राच्या वर्गात वाचला होता.

एकच कथा, अनेक देश

मानवशास्त्र पहिली गोष्ट करते ती तुलना. पायात माणूस गाडण्याची कथा फक्त पुरंदरची नाही. ग्रीसमध्ये आर्टाच्या पुलाची कथा आहे. पूल दिवसा बांधायचा आणि रात्री कोसळायचा, शेवटी मुख्य गवंड्याच्या बायकोला त्यात चिणले. सर्बियन लोककाव्यात स्कदर शहराची तटबंदी बांधताना तीन भावांपैकी धाकट्याची बायको चिणली जाते. रुमानियात मठ बांधणारा मनोले स्वतःच्या बायकोला भिंतीत घालतो. कर्नाटकात तलावाला पाणी लागेना, म्हणून गावच्या गौडाने आपली सून भागीरथी तलावाला दिली, अशी प्रसिद्ध लोककथा आहे.

या कथा एकमेकींशेजारी ठेवा, दोन गोष्टी लगेच दिसतात.

पहिली, बळी जाते ती बहुतेक वेळा सून किंवा बायको. म्हणजे घरात असूनही घरची न मानलेली, दुसऱ्या घरातून आलेली बाई. देश, धर्म, भाषा वेगळी, पण पितृसत्तेचा हिशेब एकच.

दुसरी गोष्ट पुरंदरची खासियत सांगते. आर्टात गवंड्याच्या घरातले माणूस जाते, कर्नाटकात गौडाच्या घरातले. ज्याचे काम त्याच्याच घरचा बळी. पुरंदरला मात्र किल्ला बादशहाचा आणि बळी बहिरनाकाच्या घरचा. सत्ता एकाची, पायातला माणूस दुसऱ्याचा. इतर ठिकाणी स्त्री असणे पुरते. आपल्याकडे स्त्री असण्याच्या जोडीला जात आली.

कथा खरी घडली की नाही, यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. ती काय काम करते हे पाहायचे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून अभ्यास केला आणि 1926 साली मांडले की दंतकथा म्हणजे भाकडकथा नव्हे. ती चालू व्यवस्थेची सनद असते. जमीन याची का, मान त्याचा का, हे ती सांगते.

आता आपल्याकडची दुसरी दंतकथा आठवा. अमृतनाकाची. बिदरच्या बादशहाच्या राणीला तो सुखरूप परत आणतो. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून निघण्यापूर्वीच स्वतःचे लिंग कापून डबीत बंद करून ठेवतो. बादशहा प्रसन्न होतो आणि अमृतनाक स्वतःसाठी काही न मागता समाजासाठी बावन्न हक्क मागतो. हे हक्क कसले? गावाकडून मिळणाऱ्या बलुत्याचे आणि मेलेल्या गुरावरचे. म्हणजे ज्याला पुढे बाबासाहेबांनी गुलामी म्हटले, तीच या कथेत बक्षीस म्हणून येते. एका कथेत मुलगा आणि सून द्यायची, दुसरीत स्वतःचे पुरुषत्व द्यायचे, आणि मोबदल्यात काय, तर पिढ्यान्‌पिढ्या गावची चाकरी. ही सनद कोणाच्या सोयीची आहे, ते तुम्हीच सांगा.

हे हक्क कागदावर कसे दिसत होते तेही पाहा. 1874 च्या वतन कायद्याने महारकीला कायद्याची चौकट मिळाली. सरकारी सारा पोचवणे, टपाल नेणे, हद्दीची साक्ष देणे, साहेबांच्या मुक्कामाची व्यवस्था पाहणे, अशी रात्रंदिवसाची कामे आणि मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते. वतनदार आजारी असेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. भोरला 1948 पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते, शेजारच्या पुरंदर तालुक्यात इंग्रजांचा अंमल होता. राज्य कोणाचेही असो, खळ्यावर शेवटी उभे राहणारा माणूस तोच. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले. वतने शेवटी 1958 च्या कायद्याने गेली. सनद फाडायला तेवढी वर्षे लागली, कारण ती कागदावर होती तशी डोक्यातही होती. ती आपल्याही डोक्यात होती.

संस्कृती रक्तात नसते

एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने 1871 साली संस्कृतीची जी व्याख्या केली तिचा गाभा असा: ज्ञान, श्रद्धा, नीती, कायदा, रूढी, सवयी असे जे जे माणूस समाजात राहून शिकतो, ते सगळे मिळून संस्कृती. 'शिकतो' हा शब्द अधोरेखित करा. कामथडीत जन्मलेले बाळ टोकियोत वाढले तर जपानी बोलेल. विटाळ पाळायला मूल जन्मतः शिकून येत नाही, कोणीतरी त्याचा हात मागे ओढते तेव्हा शिकते. जे शिकवले गेले ते न शिकवताही येते आणि विसरताही येते. जात मोडता येते या आपल्या दाव्याचा शास्त्रीय पाया एवढा साधा आहे.

पण मानवशास्त्राचा सगळा इतिहास असा स्वच्छ नाही. हे शास्त्र साम्राज्याच्या सावलीत वाढले. लुईस मॉर्गनने 1877 साली मानवजातीला रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसवले. भारतात 1901 च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले होते. त्यांनी लोकांची नाके मोजली आणि सिद्धान्त काढला की नाक जितके रुंद तितका समाजातला दर्जा खालचा. म्हणजे जात ही वंशाची पायरी झाली. आपल्या इथल्या उच्चवर्णीय विद्वानांना हा सिद्धान्त गोड लागला, यात नवल नाही. साहेबाच्या फूटपट्टीने त्यांना साहेबाचा भाऊ ठरवले होते.

याच काळात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात फ्रान्झ बोआस उलटी मोजणी करत होते. त्यांनी स्थलांतरित कुटुंबांतल्या सुमारे 18,000 लोकांची मोजमापे घेतली आणि दाखवले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांपेक्षा बदलते. जे अढळ मानले जात होते तेच हलले. वंशावरून बुद्धी आणि संस्कृती ठरते हा दावा त्यांनी आयुष्यभर खोडून काढला.

1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण याच कोलंबियात पोचला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

9 मे 1916

बोआस यांचे विद्यार्थी अलेक्झांडर गोल्डनवायझर कोलंबियात मानवशास्त्राचा अभ्यासवर्ग चालवत. 9 मे 1916 रोजी पंचविशीतल्या बाबासाहेबांनी तिथे भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. शीर्षकातला 'यंत्रणा' हा शब्द महत्त्वाचा आहे. जात चांगली की वाईट हा प्रश्न त्यांनी तिथे घेतला नाही. त्यांनी विचारले, हे यंत्र चालते कसे?

त्यांचे उत्तर थोडक्यात असे. जातीचा प्राण म्हणजे जातीतच लग्न. भारतीय लोक वंशाने मिसळलेले आहेत आणि संस्कृतीने एक आहेत. इथे गोत्राबाहेर लग्न करण्याची रीत जुनी आहे. त्यावर जातीतल्या जातीत लग्नाचे कुंपण घातले तेव्हा जात तयार झाली. आता कुंपण टिकवायचे तर गटातल्या लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेला की एक बाई जास्तीची होते. ती बाहेर लग्न करील किंवा दुसरीचा वर घेईल. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की पुरुष जास्तीचा होतो. त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी राखून ठेवा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या दुष्ट चाली नाहीत. एकाच यंत्राचे ते तीन दाते आहेत.

दुसरा मुद्दा. हे कुंपण आधी कोणी घातले? बाबासाहेब म्हणतात, पुरोहितवर्गाने. इतरांनी त्यांचे अनुकरण केले किंवा त्यांच्यासाठी दारे बंद झाली. जात एकट्याने असूच शकत नाही. जाती नेहमी अनेकवचनात असतात, कारण एकाने दार लावले की दुसरा आपोआप बाहेर पडतो. युरोपीय अभ्यासकांनी वर्णाला, म्हणजे कातडीच्या रंगाला, नको तेवढे महत्त्व दिले, कारण रंगभेद त्यांच्याच मनात भरलेला होता, हेही त्यांनी तिथेच सांगितले.

पंचविशीतला एक अस्पृश्य विद्यार्थी परदेशात उभा राहून सांगतो की जातीचा पाया स्त्रीवरच्या बंधनात आहे. आता देवकाईकडे पुन्हा पाहा. बुरुजाच्या पायात सून का, या प्रश्नाला या निबंधातून उत्तर मिळते. जी व्यवस्था बाईला कुंपणाचा खांब बनवते, ती तिला बुरुजाचा दगडही बनवू शकते.

गावाबाहेरची माणसे: आयर्लंड, फ्रान्स, जपान, कोरिया

1948 साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळाविषयी ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी पुन्हा तुलनेचे हत्यार उचलले. भटक्या टोळ्या स्थिरावत असताना पराभूत टोळ्यांची फुटकळ माणसे उरली. त्यांना गावाने हद्दीबाहेर जागा दिली आणि पहाऱ्याचे काम दिले. असे दुसरीकडे घडले का? बाबासाहेब आयर्लंड आणि वेल्सकडे बोट दाखवतात. तिथेही परक्या टोळीतून आलेली 'फुइडीर' आणि 'अल्टूड' म्हटली जाणारी माणसे वेगळी वस्ती करून राहत. मग फरक काय? तिथे ती माणसे काळाच्या ओघात समाजात मिसळून गेली, इथे गावाबाहेरच राहिली. बाबासाहेबांचे उत्तर असे की इथे मध्येच विटाळ आला. बौद्ध धम्माशी वैर आणि गोमांस खाण्याचे निमित्त यांनी ते कुंपण पक्के केले. या उत्तरावर वाद होऊ शकतो, बाबासाहेबांनीही ते सिद्धान्त म्हणूनच मांडले. पण प्रश्न विचारण्याची पद्धत पाहा. 'असे का आहे' यापुढे जाऊन ते 'दुसरीकडे संपले ते इथे का संपले नाही' असे विचारतात.

हीच पद्धत आपण पुढे नेऊ शकतो. फ्रान्सच्या पिरेनीज डोंगररांगांत 'कागो' नावाचे लोक होते. धर्म तोच, भाषा तीच, दिसायलाही सारखेच. तरी चर्चमध्ये त्यांचे दार वेगळे आणि पवित्र पाण्याचे पात्र वेगळे. जपानमध्ये कातडी आणि कत्तलीची कामे करणाऱ्या बुराकू समाजाला 1871 च्या फर्मानाने कायद्याने समान केले, पण लग्न आणि नोकरीतला भेद चालूच राहिला. कोरियात खाटीककाम करणाऱ्या बेकजाँग समाजाची तीच गत.

आता तारखा पाहा. 3 मार्च 1922 रोजी जपानच्या क्योतोत बुराकू तरुणांनी 'सुइहेइशा' ही संघटना काढली. नावाचा अर्थ पाण्यासारखी समपातळी. 1923 साली कोरियाच्या जिंजूत बेकजाँगांनी 'ह्याँगप्याँगसा' काढली. त्या नावात तराजूचा अर्थ आहे, खाटकाच्या हातातलाच तराजू. आणि 20 मार्च 1927 रोजी आपल्या वरंधा घाटाखाली, महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सुमारे पाच वर्षांत तीन देशांतली बहिष्कृत माणसे उभी राहिली आणि त्यांची मागणी एकच होती, पातळी समान करा.

यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, अस्पृश्यता कोणत्या रक्ताला चिकटलेली नाही. एकाच वंशाच्या, एकाच भाषेच्या लोकांतही ती उभी करता येते. दोन, तिला विरोध करणे हेही पश्चिमेकडून आणलेले फॅड नाही. माणूस जिथे दाबला जातो तिथे तो उठतो.

पाहणारा कुठे उभा आहे?

1915 साली त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' प्रसिद्ध झाले. बलुतेदारीची बारीकसारीक माहिती हवी असेल तर आजही ते वाचावे लागते. 1978 साली दया पवारांचे 'बलुतं' आले. गाव तेच, व्यवस्था तीच. पण पहिल्या पुस्तकात बलुते हा गावगाड्याचा एक हिशेब आहे आणि दुसऱ्यात तो पोटातला खड्डा आहे. दोन्ही माहितीच आहे. दुसऱ्या पुस्तकातली माहिती पहिल्याला बसल्या जागेवरून दिसूच शकत नव्हती.

मोठमोठ्या विद्वानांचेही असेच. फ्रेंच अभ्यासक लुई द्युमाँ यांनी 1966 साली जातीवर जगभर गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते जात म्हणजे शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनेवर उभी असलेली, सर्वांनी मान्य केलेली उतरंड. सर्वांनी? कोणी विचारले होते महारवाड्यात? अमेरिकन अभ्यासक जेराल्ड बेरेमन यांनी 1960 सालीच भारतातल्या जातीची तुलना अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्या भेदाशी केली होती, आणि पुढे द्युमाँवर आक्षेप घेतला की हे चित्र वरून पाहिलेले आहे.

पुण्याच्या इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात शिकवत. नात्यागोत्यांवरचे त्यांचे काम मोलाचे आहे. पंढरीच्या वारीवरच्या त्यांच्या निबंधात त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे की एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत होते. ज्ञानोबांची पालखी याच सासवड-जेजुरीच्या वाटेने जाते. भक्तीत समता आणि पंगतीत भेद ही विसंगती त्यांना खुपली आणि त्यांनी ती लिहिली. पण पंगतीच्याही बाहेर असलेल्यांचे जगणे लिहायला दुसरे कोणीतरी लागणार होते.

ते काम बेबी कांबळे यांनी केले. जन्म पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. 1986 साली त्यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातले सण, अंगात येणे, पोतराज, बाळंतपण, उपासमार सगळे त्यात आहे. आणि त्यात सून आहे. सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे. बेबीताईंनी वरच्या जातींना सोडले नाही आणि आपल्या घरालाही सोडले नाही. विद्यापीठाची पदवी नसलेली ही बाई आपल्या भागातली सर्वांत मोठी मानवशास्त्रज्ञ आहे, असे मी म्हणतो. पुरंदरच्या बुरुजातली देवकाई गप्प आहे. पुरंदरच्याच मातीतल्या बेबीताई बोलल्या.

'ज्याची त्याची संस्कृती' हा सापळा

बोआस यांच्या परंपरेने एक चांगला धडा दिला. दुसऱ्याच्या संस्कृतीला आपल्या गजाने मोजू नका, आधी तिला आतून समजून घ्या. साम्राज्यवादाच्या काळात हे धाडसाचे होते. पण याच धड्याचा पुढे सापळा होतो. 1947 साली संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तयारी चालू असताना अमेरिकन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक निवेदन दिले. बोआस यांचेच विद्यार्थी मेल्व्हिल हर्स्कोविट्स यांनी लिहिलेले. त्याचा आशय असा की मूल्ये संस्कृतीनुसार बदलतात, मग सर्व मानवजातीला एकच जाहीरनामा कसा लागू करायचा?

त्याच कोलंबियात शिकलेले बाबासाहेब तेव्हा दिल्लीत संविधान लिहीत होते. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले, तेच आजचे कलम 17. बारा दिवसही गेले नाहीत तोच, 10 डिसेंबर 1948 रोजी, संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आला. 'ही त्यांची संस्कृती आहे' हे वाक्य बाबासाहेबांनीही ऐकले होते, महाडला आणि नाशिकलाही. त्यांचा सवाल असा की 'त्यांची' म्हणजे कोणाची? एका गावात दोन संस्कृती असतात, पाणी अडवणाऱ्याची आणि तहानलेल्याची. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. डॉक्टरही रोग समजून घेतो, तो रोग जपण्यासाठी नाही.

आज 'आमची परंपरा आहे' असे म्हणून जेव्हा देवळाचे दार, स्मशानाची जागा किंवा मिरवणुकीचा रस्ता अडवला जातो, तेव्हा हा मुद्दा आठवा.

आपलीही झाडाझडती

आता एक कडू गोष्ट. आपल्याच चळवळीत आज नाकाची फूटपट्टी परत आली आहे, फक्त तिचे नाव बदलून डीएनए झाले आहे. 'आम्ही मूळचे, ते परके. त्यांचे रक्तच वेगळे' अशी भाषणे होतात आणि टाळ्या पडतात. मित्रांनो, हा रिस्लेचा सिद्धान्त आहे, बाबासाहेबांचा नाही.

बाबासाहेबांनी 1936 च्या लाहोरसाठी लिहिलेल्या, पण देऊ न दिलेल्या भाषणात स्पष्ट मांडले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत. 1948 च्या ग्रंथात त्यांनी नाकांची मोजमापेच घेऊन दाखवले की या आकड्यांना शास्त्र मानायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. मराठा आणि महार यांची कुळे ताडून पाहा, तीच कुळे दोन्हीकडे सापडतात, हेही त्यांनी लिहिले. आपल्या गावातली आडनावे पाहा: जाधव, मोरे, गायकवाड, शिंदे, पवार. दोन्ही आळ्यांत तीच.

आणि आजचे जनुकशास्त्र काय म्हणते? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोकसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते, नंतर ते थांबले. 2016 च्या दुसऱ्या अभ्यासाने वरच्या जातींमध्ये हे मिसळणे सुमारे 70 पिढ्यांपूर्वी, गुप्तकाळाच्या सुमारास, एकाएकी थांबल्याचे सांगितले. म्हणजे आधी सगळे मिसळले आणि मग दारे लावली गेली. 1916 साली बाबासाहेबांनी प्रयोगशाळेशिवाय, फक्त विवाहपद्धतीचा विचार करून हेच सांगितले होते.

रक्त वेगळे म्हटले की जात कायमची होते, कारण रक्त बदलता येत नाही. यंत्रणा म्हटले की ती मोडता येते. आपला शत्रू यंत्रणा आहे. म्हणूनच बाबासाहेबांचा उपाय आंतरजातीय विवाह आणि धर्मग्रंथांच्या अधिकाराला नकार हा होता, नाक मोजणे हा नव्हता. आणि जरा घरात पाहू. पोटजात बघून लग्न जमवणारे आपल्यात किती आहेत? दार आपणही लावतोच ना?

मग करायचे काय?

या भागात अभ्यासाला काय कमी आहे? सासवडला 1903 साली शिवराम जानबा कांबळे यांनी 51 गावच्या महारांची सभा भरवून सरकारकडे मागण्या केल्या. 1908 पासून 'सोमवंशीय मित्र' चालवून जेजुरीला मुली मुरळी म्हणून सोडण्याविरुद्ध त्यांनी मोहीम घेतली. 'खंडोबाची परंपरा' म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांच्याकडे मानवशास्त्राचे पुस्तक नव्हते, पण प्रश्न तोच होता: या प्रथेत कोणाची मुलगी जाते?

कामथडी, नसरापूर, भोर, वेल्हे भागातल्या तरुणांनी एक वही करावी. घरातल्या आजीला, थोरल्या चुलत्याला विचारावे. येसकराची पाळी कशी असे? हाडकी-हाडवळ्याची जमीन कोणती आणि आज सातबारा कोणाच्या नावावर आहे? पाणी कुठून आणायचे आणि घागर कोण ओतायचे? जत्रेत वाजवायचे कोणी आणि मान कोणाला? धर्मांतरानंतर घरातले देव कोणी, कधी आणि कसे काढले, आणि तेव्हा घरातल्या बायका काय म्हणाल्या? कोणती सून कुठून आली आणि तिच्या मनात काय होते? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. अभिमानाचे लिहा, लाजेचेही लिहा. पुरावा वेगळा ठेवा, दंतकथा वेगळी ठेवा, पण दंतकथा फेकू नका; ती कोणाचे काम करते ते तिच्याशेजारी लिहून ठेवा. हे सांगणारी माणसे आता थकली आहेत. उशीर केला तर वही कोरी राहील.

पुरंदरच्या बुरुजाकडे आपण पुन्हा पुन्हा जावे. पण 'आम्ही आमची माणसे दिली' म्हणून मान मिरवायला नको. नाथनाक आणि देवकाई यांना कोणी, कशासाठी गाडले आणि त्या गाडण्याला इनाम म्हणायला आपल्याला कोणी शिकवले, हे विचारायला जावे. जो समाज हा प्रश्न विचारतो, त्याचा माणूस पुन्हा कोणाच्या पायात जात नाही.

जय भीम! जय संविधान!